टपाल वेगळे, अंक वेगळे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुंबलेल्या इनबॉक्सवर आलेला लेख वाचला. ज्या ज्या मेलिंग लिस्टमध्ये (म्हणजे एका पत्त्यावर धाडलेला मेल सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या यादीत) आपले नाव आहे, त्या सगळ्यांतून ते एका बैठकीत काढून टाका आणि मोकळे व्हा, असा सल्ला त्यात होता. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे ग्रंथपाल होतो. संगणकाचे जे काही शिकलो, त्यातले बरेचसे अशा लिस्टांवर शिकलो. त्यामुळे हा सल्ला वाचून गप्प बसवेना. इनबॉक्स तुंबतो हे खरेच आहे, पण त्यासाठी लिस्टच सोडायची म्हणजे घरात पसारा झाला म्हणून पुस्तके रद्दीत घालायची. कुठली लिस्ट मेलच्या फोल्डरमध्ये जावी आणि कुठली फीड रीडरमध्ये (संकेतस्थळांवरचे नवे मजकूर एका जागी आणून दाखवणारा प्रोग्रॅम, त्याबद्दल पुढे येईलच), हे एकदा ठरवले की पुष्कळ भागते. ते कसे ठरवावे, हे मला एका वाईट अनुभवातून कळले. तो सांगण्यासाठी हे पत्र.

आमच्या ग्रंथालयात सकाळी साडेदहाच्या सुमारास शिपाई पोस्टातून थैली घेऊन यायचा. थैली टेबलावर ओतली की आधी दोन ढीग करायचे. पाकिटे, पोस्टकार्डे, रजिस्टर टपाल एका बाजूला. त्यांची आवक बारनिशीत नोंद व्हायची, क्रमांक पडायचा, कारण त्यांना उत्तर द्यायचे असायचे. कागदी वेष्टनातली मासिके आणि नियतकालिके दुसऱ्या बाजूला. त्यांची कार्डेक्सवर त्या त्या महिन्याच्या चौकोनात खूण करायची, मुखपृष्ठावर शिक्का मारायचा आणि अंक वाचनकक्षातल्या मांडणीवर ठेवून द्यायचा. ज्याला वाचायचा तो वाचेल, नाही वाचला तरी कुणाचे काही अडत नाही. वर्षाअखेरीस जे अंक जपण्यासारखे असत, त्यांचे बांधीव खंड करून घ्यायचे. मासिकाला कुणी बारनिशीत क्रमांक दिला नाही आणि प्राचार्यांच्या नावाचे पत्र कुणी मांडणीवर ठेवले नाही. इतकी साधी शिस्त, पण ई-मेल आला आणि दोन्ही ढीग पुन्हा एकाच थैलीत गेले. ती थैली दिवसभर उघडी आणि दर दहा मिनिटांनी तीत काहीतरी पडते आहे.

आम्ही २००९ साली ग्रंथालयाची सूची आणि देवघेव सांभाळण्यासाठी कोहा ही संगणक प्रणाली घेतली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या एका लहान ग्रंथालय न्यासासाठी ती तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. प्रणाली फुकट आणि मुक्त, पण अडले तर विचारायला गावात दुकान नाही. जगभरचे वापरणारे एका मेलिंग लिस्टवर एकमेकांना विचारतात आणि सांगतात, तेच तिचे दुकान. आमच्याकडे पहिलीच अडचण मराठी पुस्तकांची आली. इंग्रजी शीर्षके झटकन सापडत. ‘शेती’ असे टाइप केले की शून्य. समोरच्या कपाटात शेतीवरची साठ-सत्तर पुस्तके उभी आणि पडद्यावर एकही नाही! रात्री लिस्टवर प्रश्न टाकला. सकाळी उत्तर तयार होते: शोधासाठी आत जी झेब्रा नावाची व्यवस्था आहे, तिला आयसीयू या, जगभरच्या लिप्या ओळखणाऱ्या पद्धतीने अनुक्रमणी करायला सांगा आणि सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधा. केले. ‘शेती’ टाइप केले आणि यादी खाली सरकत गेली, तेव्हा देवघेवीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलांना मी हाका मारून मारून ती दाखवली. मला उत्तर देणारा माणूस कोण, कुठला, आजही मला ठाऊक नाही.

अशा लिस्टमधून नाव काढायला मन कसे होणार?

पण रोज तीस-चाळीस मेल येत. आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत काम चालू असते, त्यामुळे सकाळी इनबॉक्स उघडला की त्या ढिगात बँकेचे, विद्यापीठाचे, घरचे मेल हरवलेले असत. म्हणून मी एक फिल्टर केला. विषयात ‘कोहा’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये न येता थेट ‘कोहा’ या फोल्डरमध्ये जावा. पहिल्याच दिवशी इनबॉक्स स्वच्छ झाला. फोल्डर मी शनिवारी निवांत बघू लागलो, मग दोन शनिवारांतून एकदा, पुढे त्याहून क्वचित.

माझी एक जुनी विद्यार्थिनी शेजारच्या तालुक्यातल्या ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात लागली होती. तिथे मीच तिला कोहा बसवून दिले होते. एका फोल्डर-शनिवारी तिचा मेल दिसला. विषय: ‘कोहाबद्दल मदत हवी आहे’. आत चार ओळी. ‘सर, वीज गेल्यापासून कोहा उघडत नाही. पेनड्राइव्हवर बॅकअपची फाइल आहे, पण ती परत कशी घालायची ते मला येत नाही. तुमचा फोन लागत नाही. जमेल तेव्हा सांगा.’ माझा फोन क्रमांक त्याच महिन्यात बदलला होता. मेलवरची तारीख बघितली आणि पोटात गोळा आला. मेल येऊन २३ दिवस झाले होते.

तेव्हाच फोन केला. ती म्हणाली, ‘राहू दे सर आता, दाखल नोंदवही घेऊन परत टाइप करायला बसलेय. सहाशे चाळीस झाली.’ दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. पकडून गेलो. बॅकअप परत घालायला अर्धा तासही लागला नाही. सगळी जुनी पुस्तके, वाचकांची खाती, देवघेव, सगळे जसेच्या तसे परत आले. आणि तिने तीन आठवडे संध्याकाळी थांबून टाइप केलेल्या त्या ६४० नोंदी पुसून टाकाव्या लागल्या. त्या आधीपासून फाइलमध्ये होत्याच. ती काही बोलली नाही. चहा आणला. दाखल नोंदवहीत तिने पेन्सिलीने पुस्तकागणिक केलेल्या बारीक खुणा मला दिसत होत्या, पानामागून पान.

चूक सर्वस्वी माझी होती. टपाल मी मांडणीवर ठेवले होते.

त्यानंतर मी या विषयाचा नाद सोडला नाही. लिस्टवरून आलेला मेल आणि माणसाने आपल्याला धाडलेला मेल यांत फरक कसा करायचा, हे आधी शोधले. उत्तर मेलच्या पाठीवरच असते. कुठलाही मेल उघडून ‘मूळ संदेश दाखवा’ केले की वर पंचवीस-तीस ओळींचा मजकूर दिसतो. एरवी आपण त्याकडे बघत नाही. तो म्हणजे पाकिटावरचे टपालशिक्के. लिस्टवरून आलेल्या मेलवर तिथे ‘लिस्ट-आयडी’ अशी एक ओळ असते. २००१ पासून हे प्रमाण ठरलेले आहे आणि लिस्ट चालवणाऱ्या मेलमन या जुन्या प्रोग्रॅमपासून गूगल ग्रुप्सपर्यंत सगळे ते पाळतात. माझ्या विद्यार्थिनीच्या मेलवर ती ओळ नव्हती. असणार कशी, तो तिने मला पाठवला होता. म्हणजे फिल्टर विषयातल्या शब्दावर लावायचा नसतो, या ओळीवर लावायचा असतो. जीमेलमध्ये लिस्टवरचा एखादा मेल उघडून ‘यासारखे संदेश फिल्टर करा’ म्हटले की ही खूण आपोआप भरून येते. दोन मिनिटांचे काम. मी तीन वर्षे चुकीच्या फिल्टरवर काढली.

त्याच पाठीवर ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ ही ओळही असते, १९९८ पासूनची. लिस्ट सोडायची तर तिथला पत्ता वापरायचा. ‘माझे नाव काढा’ असा मेल हजारो लोकांना पाठवणारे विद्वान आजही दर महिन्याला भेटतात आणि त्यांना उत्तर देणारे आणखी दहाजण. त्या सगळ्यांना कळकळीची विनंती की असे करू नका.

आता फीडचे. मेल आपल्या दारात येऊन पडतो. फीडमध्ये उलटे असते. ज्याला काही कळवायचे आहे तो आपल्या संकेतस्थळावर ताज्या मजकुराची एक छोटी फाइल ठेवतो, आणि आपला फीड रीडर ठरावीक वेळाने जाऊन ती बघून येतो. नवे काही असेल तर घेऊन येतो. आमचा शिपाई सकाळी एस.टी. स्टँडवर जाऊन पेपरचा गठ्ठा आणायचा तसेच. आपला पत्ता कुणाला द्यावा लागत नाही आणि नको झाले की आपण जाणे थांबवायचे, कुणाची परवानगी नको. आरएसएस नावाची ही पद्धत १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्मली. ती घडवणाऱ्या दोघांपैकी एक रामनाथन गुहा, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. आपल्या लोकांना हे ठाऊक असावे असे मला वाटते.

काही वर्षे मी फीडवर इतका खूश होतो की सगळ्या लिस्टच तिकडे वळवल्या. मेल-अर्काइव्हसारख्या, लिस्टांवरचे मेल साठवणाऱ्या संकेतस्थळांवर लिस्टागणिक फीड मिळते, त्यामुळे अशक्य काही नव्हते. त्यात दोनदा ठेच लागली. पहिली चर्चेची. फीडमध्ये प्रत्येक उत्तर ही सुटी नोंद. प्रश्न सोमवारचा, त्याचे पहिले उत्तर मंगळवारी, मध्ये इतर वीस विषय, चौथे उत्तर गुरुवारी. कोण कुणाला काय म्हणतो आहे, त्याचा धागा लागेना. मेलमध्ये प्रत्येक उत्तर आपण कुठल्या मेलचे उत्तर आहोत हे सोबत घेऊन येते, त्यामुळे फोल्डरमध्ये संवाद एकाखाली एक लागतो. शिवाय फीडमध्ये वाचता येते, उत्तर देता येत नाही. दोन महिन्यांत माझ्या ध्यानात आले की मी लिस्टवर बोलणेच बंद केले आहे. ज्या लिस्टने मला ‘शेती’ शोधून दिली, तिथे आता कुणी दुसरा ग्रंथपाल आपल्या भाषेची अडचण विचारत होता, आणि मी ती नुसती वाचून पुढे जात होतो. याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरी ठेच दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा माझा रीडर ग्रंथालयातल्या संगणकावर होता. संगणक बंद करून २१ दिवस घरी. परत आलो तर एका नियतकालिकाच्या फीडमध्ये शेवटच्या १५ नोंदी फक्त. फीडची फाइल छोटी असते. नवे वर आले की जुने खालून गळते, आणि आपला माणूस त्या काळात गेलाच नसेल तर ते त्याच्या हाती कधीच लागत नाही. मेल मात्र तीन आठवड्यांचे जसेच्या तसे साचून होते. सर्व्हरवर चालणारा रीडर आपण झोपलो तरी फेऱ्या मारत राहतो, म्हणून नंतर मी तसाच घेतला.

तर जिथे आपण बोलतो, ज्यातून उद्या आपल्याला उत्तर द्यावे लागेल, किंवा जे दहा वर्षांनी पुन्हा काढून बघावे लागेल, ती लिस्ट फोल्डरमध्ये. जे नुसते वाचायचे, म्हणजे परिपत्रके, नव्या अंकांच्या अनुक्रमणिका, घोषणा, नवी पुस्तके, ते फीडमध्ये. फोल्डर हा माझा बांधीव खंड आणि फीड म्हणजे चालू अंकांची मांडणी. आणि इनबॉक्स ही आवक बारनिशी. तिथे फक्त माझ्या नावाने आलेले यावे. थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये मेल आणि फीड एकाच खिडकीत शेजारी शेजारी ठेवता येतात. ज्यांना दोन ठिकाणी जायचा कंटाळा आहे त्यांनी ते बघावे.

बांधीव खंडाचे महत्त्व पटत नसेल तर याहू ग्रुप्स आठवावेत. वीस वर्षांच्या चर्चा तिथे साठल्या होत्या. २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकण्याचे जाहीर झाले आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद झाली. ज्यांच्या फोल्डरमध्ये जुने मेल होते त्यांच्याकडे त्या चर्चा उरल्या. हस्तलिखितांच्या सूचीबद्दलच्या एका ग्रुपचे मेल माझ्याकडे होते. संशोधन करणाऱ्या दोन मुलांना मी त्यांतले सव्वाशे उतरवून दिले. तीच गोष्ट रीडरची. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, पण आधी साडेतीन महिने सूचना होती. ओपीएमएल नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये सगळ्या फीडची यादी उतरवून घेता येत होती. माझ्या ८४ फीड मी दुसऱ्या रीडरमध्ये नेल्या तेव्हा एकही गळली नाही. यादी आपल्या हातात असावी, मग दुकान कुणाचे का असेना. ती फाइल मी आजही दर गुढीपाडव्याला नव्याने काढून ठेवतो.

मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते पाठवणाऱ्यांबद्दल. एका विद्यापीठाची परिपत्रके आमच्याकडे मेलने येत. तीच पीडीएफ तीन विभागांच्या तीन पत्त्यांवरून, वर ‘अत्यंत तातडीचे’. त्यात खरोखर तातडीचे एखादे, म्हणजे मुलांच्या परीक्षा अर्जाची वाढीव मुदत वगैरे, त्याच रांगेत. प्राध्यापकांनी काय करावे? त्यांनी त्या पत्त्यांकडे बघायचेच सोडून दिले. ही परिपत्रके फीडने दिली असती तर ज्याला हवीत त्याला तारीखवार एकदाच मिळाली असती, आणि मेल खरोखरच्या पत्रासाठी मोकळा राहिला असता. हे अवघड नाही. रिझर्व्ह बँक आपल्या अधिसूचना फीडने देते, पत्र सूचना कार्यालय देते. आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना मी रिझर्व्ह बँकेची फीड लावून दिली. त्यानंतर वर्गात जाण्याआधी ते पाच मिनिटे ग्रंथालयात येऊन ती बघत. भौतिकशास्त्रवाले अर्काइव्हची (arXiv) बघत, वरचा मेल-अर्काइव्ह वेगळा. शोधनिबंधांचा हा संग्रह १९९१ मध्ये ई-मेलवरच सुरू झाला आणि आजही रोजची यादी मेलनेही देतो, फीडनेही. दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत, ज्याला जे सोयीचे त्याने ते घ्यावे. आपल्या संस्थांकडून मी एवढीच अपेक्षा करतो.

आणि कोहातच एक सोय आहे, जी बसवून घेणाऱ्यांपैकीही पुष्कळांना माहीत नसते. ग्रंथालयाच्या सूचीत आपण काहीही शोधले की त्या शोधाचीच फीड मिळते. ‘जलसंधारण’ शोधा, तिचा पत्ता रीडरमध्ये घाला. पुढे त्या विषयाचे नवे पुस्तक नोंदले गेले की ते आपल्याला कळते. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातले चौथे म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. मला ते सूत्र वर्गात शिकवता आले, पण त्याचा अर्थ ही फीड लावून दिल्यावर कळला. पाणलोटावर काम करणारा एक गृहस्थ तिसऱ्याच आठवड्यात मला म्हणाला, ‘साहेब, पुस्तक कपाटात लागायच्या आत मी आलो.’

आता मुद्दाम आपल्याला उद्देशून. आपल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर पूर्वी जिल्हावार फीड होती. सातारा पानाची फीड मी रोज बघत असे. संकेतस्थळ नवे झाले आणि ती नाहीशी झाली. त्याऐवजी रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला एक मेल येतो, त्यात दहापैकी आठ बातम्या मुंबईच्या. ती जिल्हावार फीड परत सुरू करावी, पुरवण्यांचीही द्यावी, आणि तिचा पत्ता पानाच्या तळाशी दिसेल असा ठेवावा. ज्यांना मेल हवा त्यांना मेल द्याच.

ती तालुक्याची मुलगी आता तिथली ग्रंथपाल आहे. परवा तिने विचारले, ‘सर, आपल्या लायब्ररीत कुठल्या पेपरची फीड लावू?’ आपले नाव मला सांगता आले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
वाई, जि. सातारा